पाऊस पडला की मेंढरं मरतात, दरवर्षीच: औषध आणायच्या आधी काय बघायचं

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होतात, उन्हाळाभर करपलेला माळ आठवड्यात हिरवा होतो आणि फोन सुरू होतात. "काल संध्याकाळी चांगलं चरून आलं, सकाळी वाघरीत मरून पडलेलं." (वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी.) दुसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी दोन. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात ज्याच्याकडे वीस मेंढ्या आहेत त्यालाही हे ठाऊक आहे आणि ज्याच्याकडे दोनशे आहेत त्यालाही.

पुढचंही ठरलेलंच. कुणीतरी मोटारसायकलवर तालुक्याला जातो, दुकानातून जंताचं औषध आणतो, सोबत अँटिबायोटिकची बाटली आणि एक लिव्हर टॉनिक. सगळ्या कळपाला पाजून-टोचून होतं. मरतूक दोन-तीन दिवसांत थांबली तर औषध लागू पडलं, नाही थांबली तर औषध डुप्लिकेट होतं. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

पावसाळ्यातली मरतूक हा एक आजार नाही. चार-पाच वेगवेगळे आजार एका पाठोपाठ येतात, प्रत्येकाची येण्याची वेळ वेगळी आणि प्रत्येकाचा बळी वेगळा. आंत्रविषाराला, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूच्या विषानं होणाऱ्या आजाराला, जंताचं औषध पाजून काही होत नाही आणि जंताला लस टोचून काही होत नाही. म्हणून कुठलं औषध द्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, मेलं कुठलं?

मेलं कुठलं, कधी, कसं

फोनवरचं बोलणं साधारण असं होतं.

"तात्या, मेलेलं कोकरू कसलं होतं? मरतुकडं की चांगलं?"

"चांगलं होतं तेच गेलं बघा. कळपातलं एक नंबर. ईदला काढायचं म्हणून राखलं होतं."

"हगवण? खोकला? नाकाला शेंबूड?"

"कायच नाय. रात्री आईला पीत होतं."

एवढ्यावर निम्मं निदान होतं. धष्टपुष्ट कोकरू, आजारपण न दाखवता, हिरवा चारा सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत गेलं, तर पहिला संशय आंत्रविषाराचा. हेच उत्तर "दोन आठवड्यांपासून मागं राहत होती, जबड्याखाली पाणी उतरलं होतं" असं आलं असतं तर गोष्ट जंताची. कळपातली निम्मी जनावरं एकदम तापली, नाकडोळे वाहतायत, तोंडात फोड आहेत असं असतं तर तिसरंच काही.

कॅलेंडरही बघा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतची अचानक मरतूक बहुतेक वेळा आंत्रविषाराची. जंताला वेळ लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळावरच्या अळ्या बहुतेक करपून जातात, पाऊस पडल्यावर लेंडीतल्या अंड्यांतून नव्या अळ्या तयार व्हायला आठवडाभर लागतो, त्या मेंढीच्या पोटात जाऊन मोठ्या व्हायला आणखी तीन आठवडे. म्हणून जंतानं मरणं खऱ्या अर्थानं जुलैअखेर सुरू होतं आणि सप्टेंबरपर्यंत चालतं. पाऊस ओसरायला लागला की चिलटांमुळे येणारा नीलजिव्हा हा विषाणूचा आजार. आणि कोकणात किंवा पाणथळ भागात चरून आलेल्या कळपात पर्णकृमी, म्हणजे यकृतात राहणारा पानासारखा चपटा जंत, तो आपला हिशोब दिवाळीनंतर चुकता करतो.

ही सरासरी वेळ आहे. पाऊस पुढंमागं झाला की सगळंच पुढंमागं सरकतं.

मेलेल्याला हात लावण्याआधी

मेलेल्या जनावराच्या नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल आणि अंग ताठलं नसेल, तर ते उघडायचं नाही, सोलायचं नाही, कातडं विकायचं नाही, कुत्र्यांना टाकायचं नाही. ती काळपुळी असू शकते. तिचे जंतू हवा लागली की टिकाऊ बीजाणू बनवतात, वर्षानुवर्षं जमिनीत राहतात आणि माणसालाही होतात. दवाखान्यात कळवा, ते रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात. चुना टाकून खोल पुरा. मांस "वाया जातंय" म्हणून वाटून घेण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. या एका बाबतीत ती जिवावर बेतते.

वळवाच्या पावसात झाडाखाली एका जागी आठ-दहा मेंढ्या मेल्या असतील तर आजार शोधत बसू नका, वीज पडली आहे. तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला लगेच कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या, पुरून टाकल्यावर भरपाईचा कागद होत नाही.

आंत्रविषार: चांगलं तेच का मरतं

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचा 'डी' प्रकार मातीत असतो आणि निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतो. एरवी तो काही करत नाही. उन्हाळाभर वाळकं गवत, बाभळीच्या शेंगा आणि काटक्यांवर काढलेल्या पोटात अचानक कोवळं, पाणीदार, साखर-पिष्ट भरलेलं गवत पडलं की पोटात न पचलेला माल आतड्यापर्यंत पोचतो. तिथं हा जिवाणू काही तासांत भरमसाट वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाला धार येते ती आतड्यातल्याच पाचकरसानं. मग ते रक्तात जातं, मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या फोडतं.

आता बघा, सगळ्यात जास्त कोण खातं? जे कोकरू कळपात पुढं पळतं, ज्याच्या आईला दूध भरपूर आहे, जे दुसऱ्याला ढुशी मारून चारा ओढतं ते. मरतुकडं कोकरू वाचतं कारण त्याला पोटभर मिळतच नाही. म्हणून "नजर लागली" असं बाया म्हणतात.

सकाळी दिसतं ते असं: कोकरू कुशीवर पडलेलं, मान मागं पाठीकडे ओढलेली, पाय ताणलेले आणि पायाखालची माती खुरांनी उकरलेली. मरण्याआधी झटके आले होते याची ती खूण. तोंडाला थोडा फेस, कधी दातात गवताची काडी तशीच. जिवंत सापडलं तर डोळे फिरवतं, गोल फिरतं, दात खातं, पडतं, पाय झाडतं आणि तास-दोन तासांत संपतं. मोठ्या मेंढ्यांत थोडं लांबतं, पातळ हगवणही लागते.

शवविच्छेदनात डॉक्टर दोन गोष्टी आवर्जून बघतात. हृदयाच्या पिशवीत पिवळसर पाणी, कधी त्यात जेलीसारख्या गुठळ्या. आणि मूत्रपिंड, बोटानं दाबलं तर लगद्यासारखं. पण मेलेलं जनावर पावसाळी उकाड्यात सहा-आठ तास पडून राहिलं तर चांगलं मूत्रपिंडही मऊच लागतं. म्हणून सकाळी दिसलं की सकाळीच फोन, दुपारी नाही. मूत्राशयात लघवी शिल्लक असेल तर माणसांच्या मधुमेहासाठी मिळते ती लघवीतली साखर तपासायची पट्टी त्यात बुडवून बघतात. लघवीत साखर दिसली तर आंत्रविषाराचा संशय पक्का होत जातो. शेवटचा शिक्का आतड्यातल्या द्रवात विष सापडलं की.

उपचाराबद्दल स्पष्ट सांगतो: लक्षणं दिसलेलं कोकरू क्वचितच वाचतं. त्याच्यामागं सलाईन घेऊन धावण्यापेक्षा उरलेल्या कळपाकडे बघा. मरतूक सुरू असताना त्याच दिवशी करायचं ते हे: हिरव्या माळावरची चराई तोडायची, कळप वाळक्या माळावर किंवा कडब्यावर न्यायचा, खुराक, मका, भरडा बंद करायचा. बहुतेक कळपांत या एका गोष्टीनं मरतूक दोन-तीन दिवसांत उतरते. (दुकानातलं औषध "लागू पडलं" असं वाटतं त्यातली बरीचशी प्रकरणं हीच असतात, पावसाची उघडीप झाली, कळप दुसरीकडे गेला, श्रेय बाटलीला.) सोबत डॉक्टरांच्या सल्ल्यानं उरलेल्या कळपाला लस.

हिरवा चारा तोडायचा म्हणजे कायमचा नाही. पहिले दहा-बारा दिवस सकाळी सोडण्याआधी पोटात मूठ-मूठ वाळकं जाऊ द्या, कडबा, भुईमुगाचा पाला, तुरीचं गुळी, जे असेल ते. दव उतरल्यावर, ऊन आल्यावर सोडा. पहिल्या दिवशी हिरव्यावर तास-दीड तास, मग हळूहळू वाढवा. दोनशे मेंढ्यांना कडबा कुठून आणू हे मला माहीत आहे. सगळ्यांना शक्य नसेल तर निदान कोकरं वेगळी काढून त्यांना द्या, मरणारी तीच आहेत.

बंदिस्त पाळणाऱ्यांना हा आजार बारा महिने आहे. विक्रीच्या आधी वजन काढायचं म्हणून मका आणि गव्हाचा भरडा एकदम वाढवला जातो आणि त्याच आठवड्यात चांगला बोकड किंवा मेंढा जातो. खुराक वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा, आणि दिवसातून दोन-तीन वेळांत वाटून.

"लस दिली होती तरी मेली"

हे वाक्य खरं असतं, पण अर्धं.

पहिली गोष्ट, लस कुठली दिली होती? गावात लसीकरणाला गाडी आली आणि मेंढ्यांना टोचलं, एवढंच लक्षात असतं. ती बहुतेक वेळा पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथीचा आजार) असते किंवा लाळ्या-खुरकुताची. पीपीआरची लस एकदा दिली की निदान तीन वर्षं पुरते, छान आहे, पण आंत्रविषाराशी तिचा संबंध नाही. बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नाव, बॅच, तारीख सगळं त्यात येतं, पुढच्या वर्षी भांडायला पुरावा राहतो.

दुसरी, डोस एकच दिला का? ज्या जनावराला आंत्रविषाराची लस आयुष्यात कधी दिलेली नाही त्याला एका टोचणीनं भरवशाचं संरक्षण मिळत नाही. दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी टोचणी लागतेच. मोठ्या मेंढ्यांना दरवर्षी एक पुरते, कारण त्यांना आधीची ओळख असते. कोकरांना नसते, आणि मरतात कोकरं. म्हणजे जिथं दुसरा डोस सगळ्यात गरजेचा तिथंच तो चुकतो.

तिसरी, वेळ. पाऊस पडल्यावर दिलेली लस उशिराची. दुसऱ्या डोसनंतर अंगात ताकद यायला आठ-पंधरा दिवस जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला तर दुसरा डोस मेच्या मध्यापर्यंत आणि पहिला एप्रिलअखेरीला पडला पाहिजे. नेमके तेव्हा आपले बरेच वाडे (मेंढपाळांचे फिरते तळ) वाटेवर असतात, कोकणातून किंवा भीमेकडून परतीला. वाट बघू नका. कळप ज्या तालुक्यात असेल तिथल्या दवाखान्यात जा. ही लस औंधला, पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते आणि सरकारी दवाखान्यांतून मिळते. साठा संपला असेल तर खासगी कंपन्यांच्याही आहेत.

चौथी, बर्फ. लस गोठवायचीही नाही आणि तापवायचीही नाही. खिशात घालून मेच्या उन्हात वाड्यावर नेलेली बाटली म्हणजे पाणी. बर्फाच्या डब्यात न्या, सकाळी टोचा, उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. टोचताना कातडीखाली, चिमटीत कातडं उचलून. लोकर दाट असेल तर सुई लोकरीतच रिकामी होते आणि कळतही नाही. कातरणी झाल्यावर लस हा सोपा क्रम आहे.

आणि गाभण मेंढ्या. विण्याआधी महिनाभर आईला लस पडली असेल आणि कोकरानं पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्यायला असेल, तर पहिले दोन-अडीच महिने त्याला आईकडून संरक्षण मिळतं. त्यानंतर त्याची स्वतःची पहिली टोचणी, साधारण तीन महिन्यांना. आईला लस नसेल तर डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करा.

जंत: पापणी उलटून बघा

जुलैअखेरनंतरची मरतूक वेगळी दिसते. मेंढी कळपाच्या मागं पडते, चढावर थांबते, दम लागतो. लोकर निस्तेज, हातानं ओढली तर निघते. मग जबड्याखाली मऊ सूज येते, सकाळी कमी, दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी जास्त. पुष्कळ लोक याला घशाचा आजार समजून त्यावर चुना लावतात, डागतात. ते पाणी आहे. रक्त कमी झालं, रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी उतरतं.

आपल्या भागातला मुख्य चोर हिमॉंकस, पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहणारा गोलकृमी. एक कृमी दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. हजार कृमी म्हणजे दिवसाला ५० मिली. २५ किलोच्या मेंढीच्या अंगात दोन लिटरपेक्षाही कमी रक्त असतं, गणित करून बघा. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. आणि हगवण बहुतेक वेळा लागतच नाही. "लेंडी चांगली आहे म्हणजे जंत नाहीत" ही समजूत इथं मार खाते.

ओळखायची रीत फुकट आहे. मेंढी सावलीत नाही, उजेडात धरा. एका अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतली त्वचा टपकन बाहेर येते. लालभडक असेल तर मेंढी ठीक. गुलाबी, मध्यम. फिक्की गुलाबी किंवा कागदासारखी पांढरी असेल तर आज औषध, उद्या नाही. लगेच बघा, दोन-तीन सेकंद पापणी ओढून धरली तर फिक्कीही लाल दिसायला लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यासाठी पाच रंगांचं कार्ड बनवलं, त्याला फामाचा म्हणतात. चौथ्या-पाचव्या रंगाला औषध, कोकरांत तिसऱ्यालाही. दर पंधरा दिवसांनी पावसाळाभर बघायचं. शंभर मेंढ्यांना दोन माणसं लागली तर सकाळ जाते, पण औषधाचे पैसे वाचतात, कारण सगळ्या कळपात बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात.

एक गडबड: पर्णकृमीतही पापणी पांढरी होते आणि जबड्याखाली पाणी उतरतं. कळप भातखाचरांच्या किंवा तळ्याच्या काठानं चरला असेल, जिथं गोगलगाई आहेत, तर लेंडी तपासणीला देताना तसं सांगा. पर्णकृमीचं औषध वेगळं लागतं आणि अल्बेंडाझोल हे नेहमीचं जंताचं औषध फार तर मोठ्या झालेल्या पर्णकृमींवर चालतं, तेही जास्त मात्रेत. कोवळे तसेच राहतात.

औषध पाजलं, फरक नाही

आता खरं दुखणं. दोन-दोन महिन्यांनी सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजणारे वाडे आहेत आणि तिथंच जंत सगळ्यात चिवट झालेले सापडतात.

कारण बहुतेक वेळा असं असतं की औषधाचं नाव बदललं, घराणं बदललं नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही एकाच घराण्यातली भावंडं. एकाला न मरणारा जंत दुसऱ्यालाही मरत नाही. दुकानदार बाटलीचा रंग बदलून देतो, आपण समाधानानं परत येतो. लेव्हामिसोल वेगळ्या घराण्यातलं, आयव्हरमेक्टिन वेगळ्या, क्लोझँटेल वेगळ्या. क्लोझँटेल हिमॉंकसवर आणि मोठ्या पर्णकृमींवर दोन्हींवर चालतं, पण मात्रा चुकून जास्त झाली तर डोळे जातात. लेव्हामिसोललाही जास्त मात्रा सहन होत नाही. त्यामुळे कुठलं घराणं कधी हे डॉक्टरांनी ठरवू दे, तुम्ही फक्त मागच्या वेळी काय पाजलं ते नाव बरोबर सांगा.

दुसरं कारण, अंदाजानं वजन. डोळ्यानं २० किलो वाटलेली दख्खनी मेंढी काट्यावर २८ भरते. कमी मात्रा म्हणजे अर्धमेले जंत, आणि जे वाचतात त्यांचीच पुढची पिढी. लटकता स्प्रिंगकाटा फार महाग नाही, घोंगडीची झोळी करून दहा मेंढ्यांची वजनं घ्या, अंदाज सुधारतो. पाजताना नळी जिभेच्या वर, गालाच्या बाजूनं मागं. तोंडाच्या पुढंच सोडलं तर अर्धं बाहेर आणि जोरात घशात सोडलं तर फुफ्फुसात.

औषध लागू पडतं की नाही हे ठरवायची एकच प्रामाणिक पद्धत आहे. पाजायच्या दिवशी दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या, आणि त्याच मेंढ्यांच्या दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा. प्रयोगशाळेत अंडी मोजतात. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात थकलेलं आहे. लेंडी जमिनीवरची गोळा करू नका, गुदद्वारातून हातमोजा घालून घ्या, पिशवीवर मेंढीचा नंबर लिहा, त्याच दिवशी द्या.

गाभण राहून महिनाभर न झालेल्या मेंढीला अल्बेंडाझोल नको, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं. मेंढा कळपात सोडला असेल तर हे ध्यानात ठेवा.

आणि कळपातल्या लालभडक डोळ्यांच्या, तगड्या मेंढ्यांना औषध पाजू नका. ऐकायला उलटं वाटतं. पण त्यांच्या पोटातले थोडे जंत औषध न पाहिलेले असतात, त्यांची अंडी माळावर पडत राहिली तर चिवट जंतांचं राज्य येत नाही.

बाकीचे, थोडक्यात

ज्वारी कोवळी असताना, विशेषतः पाऊस ताणल्यावर सुकून पुन्हा फुटलेली असेल तर, कळप त्या शेतात शिरला की अर्ध्या तासात मेंढ्या धडाधड पडतात. रक्त लालभडक असतं. हे सायनाइडचं विष आहे, यावर उतारा आहे पण तो शिरेतून आणि मिनिटांत लागतो. भुकेला कळप ज्वारीच्या बांधानं नेऊ नका.

कापणीनंतर गळालेली बाजरी-ज्वारीची कणसं पोटभर खाल्ली तर आम्लपित्तासारखं होतं: पोट डबडबतं, मेंढी दात खाते, पातळ आंबूस हागते. आंत्रविषारासारखंच वाटतं, पण इथं डॉक्टर वेळेवर आले तर वाचते.

ताप, तोंडात फोड, नाक गळणं, हगवण, आणि एका घरात नाही तर आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत एकदम: पीपीआर धरून चाला. चेहरा-ओठ सुजले, जीभ निळसर, खुराच्या वर लाल पट्टा आणि लंगडणं: नीलजिव्हा. दोन्ही विषाणूंचे, दोन्हींना लस आहे, दोन्हींत आजारी जनावर वेगळं बांधून दवाखान्याला कळवायचं.

जात बदलली तर?

हा प्रश्न दरवर्षी येतो. दख्खनी नको, माडग्याळ घेऊ, ती दणकट.

माडग्याळ उंच, बाकदार नाकाची, कोकरू जन्मताच वजनदार आणि वाढीला जोरात. जतच्या माळावर ती शोभते. पण आंत्रविषार वाढीला जोरात असलेल्यांनाच आधी धरतो, त्यामुळे जात बदलून लस चुकवता येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. जुळी मिळतात, उत्पन्न वाढतं, पण दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला आणायचं म्हणजे खुराक वाढवायचा, आणि खुराक वाढला की वरचा सगळा भाग लागू. जंताच्या बाबतीत मात्र जातीत फरक आहे. त्याच संस्थेच्या अभ्यासात गरोळशी संकर केलेल्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी दख्खनीपेक्षा कमी निघाली. गरोळ लहानखुरी असल्यानं वजन मात्र मार खातं.

माझं मत विचाराल तर माणदेशात दख्खनीच राहू द्या. ती दुष्काळात चालते, लांब चालते, लोकर देते, रानात खतासाठी बसवली की शेतकरी धान्य देतो. जात बदलण्याऐवजी तिच्यातलाच मेंढा नीट निवडा. पावसाळाभर जिचा डोळा लाल राहिला, जिला वर्षात एकदाही औषध पाजावं लागलं नाही, त्या आईचा मुलगा पैदाशीला ठेवा. आटपाडीच्या बाजारात नाकाच्या वळणावर लाखांच्या बोली लागतात, त्याच्या पोटात किती जंत आहेत हे कुणी विचारत नाही.

आज मरतूक सुरू असेल तर

पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, जवळ कुणी नसेल तर १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पथकाचा आहे. डॉक्टर येईपर्यंत कळप वाळक्यावर, खुराक बंद. मेलेलं जनावर सावलीत ठेवा, उघडू नका. एका कागदावर लिहून काढा: कितवं मेलं, वय काय, तब्येत कशी, हिरव्यावर कधी सोडलं, शेवटची लस कुठली आणि कधी, शेवटचं जंताचं औषध कुठलं. आणखी तीन-चार जनावरांच्या पापण्या बघून रंग लिहा.

गावात निदान झालं नाही तर औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने पाठवता येतात, ते डॉक्टरमार्फतच जातात. आतड्याचा तुकडा दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून, बर्फात, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं पाठवलेल्या नमुन्यातून काही निघत नाही आणि मग रिपोर्ट "निष्कर्ष नाही" असा येतो.